परिचराचे प्रमाणपत्र आणि पहिली चार मिनिटे

विद्यापीठाची पदवी एकदा पदरात पडली की ती जन्मभर पुरते. पदवीधराला शिकलेल्या विषयाचा पुढे विसर पडला तरी त्याची पदवी कोणी परत मागत नाही. प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची गोष्ट मात्र निराळी आहे. ते ठराविक मुदतीनंतर शिळे होते आणि ते धारण करणाऱ्यास पुन्हा वर्गात जाऊन, जमिनीवर गुडघे टेकून, आपले कौशल्य नव्याने सिद्ध करावे लागते. अपंग व्यक्तींची देखभाल हाच ज्यांचा व्यवसाय, अशा परिचरांकडून परदेशांत हे प्रमाणपत्र बहुधा मागितले जाते आणि त्याची मुदत संपली आहे की काय, हेही पाहिले जाते. वरवर पाहणाऱ्याला हा कचेरीतला काटेकोरपणा वाटेल. तथापि या मुदतीच्या मागे शरीरशास्त्रातील एक कठोर सत्य आणि मानवी स्मरणशक्तीचा एक स्वभावधर्म आहे. त्या दोहोंचा परिचय करून देणे आणि अपंगसेवेच्या क्षेत्रात हे प्रमाणपत्र नेमकी कशाची ग्वाही देते व कशाची देत नाही हे सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रक्तप्रवाह थांबल्यावर काय होते?

प्रौढ मनुष्याच्या मेंदूचे वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु शरीर स्वस्थ असता त्याला लागणाऱ्या एकंदर प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. असे असूनही मेंदूजवळ प्राणवायूची शिल्लक म्हणून काही नसते. रक्त जितका आणील तितका तो खर्च करतो. त्यामुळे हृदयाचे कार्य एकाएकी बंद पडले तर काही सेकंदांतच मनुष्याची शुद्ध हरपते आणि सुमारे ४ ते ६ मिनिटांनंतर मेंदूतील पेशींना कायमची इजा होऊ लागते. हृदयाची लय बिघडून ते अकस्मात थांबले असता आणि काहीच उपाय न केल्यास, रोगी जगण्याची शक्यता दर मिनिटास सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते, असे आढळून आले आहे.

रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी दूरध्वनी झाल्यापासून चार मिनिटांच्या आत ती दारी येऊन उभी राहणे क्वचितच घडते. म्हणून ही पहिली चार मिनिटे वैद्याच्या हातात नसतात. जो मनुष्य त्या क्षणी जवळ असेल, त्याच्याच हातात ती असतात.

अपंग व्यक्तीच्या बाबतीत हा जवळचा मनुष्य बहुधा ठरलेला असतो. तिला जेवू घालणारा, स्नान घालणारा, खाटेवरून चाकांच्या खुर्चीत बसविणारा परिचरच तो होय. शिवाय धडधाकट मनुष्य घास अडकताच गळ्याकडे हात नेतो, उठून उभा राहतो, शेजाऱ्याला खूण करतो. ज्या व्यक्तीला बोलता येत नाही, हात उचलता येत नाही किंवा आपल्याला काय होत आहे हे समजावून सांगता येत नाही, तिला संकटाची सूचना देण्याचे हे मार्ग बंद असतात. चेहऱ्याचा रंग बदलला, श्वासाचा आवाज बदलला, नेहमीची हालचाल थांबली, हे दुसऱ्या कोणी तरी ओळखावे लागते. तिचा परिचर हा अशा वेळी एकाच वेळी तिचे डोळे, तिचा आवाज आणि तिचे हात असतो.

दोन हातांचा शोध

बंद पडलेले हृदय बाहेरून दाब देऊन काही काळ चालते ठेवता येते, हे ज्ञान फार जुने नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बुडालेल्या वा गुदमरलेल्या मनुष्यास पालथे घालून त्याच्या पाठीवर दाब द्यावयाचा व त्याचे बाहू वर उचलावयाचे, अशी कृत्रिम श्वसनाची पद्धत अनेक ठिकाणी शिकविली जात असे. १९५० नंतरच्या दशकात पीटर सफार व जेम्स एलम या अमेरिकेतील भूलतज्ज्ञांनी दाखवून दिले की, रोग्याचे डोके मागे झुकवून व हनुवटी उचलून तोंडावाटे श्वास दिल्यास फुप्फुसांत कितीतरी अधिक हवा पोहोचते.

राहिलेला अर्धा प्रश्न रक्ताभिसरणाचा होता. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत विल्यम कौवनहोवेन हे विद्युत् अभियंते, गाय निकरबॉकर हे त्यांचे तरुण सहकारी आणि जेम्स ज्यूड हे शल्यवैद्य हृदयाला विजेचा झटका देण्याचे प्रयोग करीत होते. प्राण्याच्या छातीवर झटका देण्याची उपकरणे जोराने टेकविली की त्या दाबानेच धमनीतील रक्तदाब क्षणभर वाढतो, असे त्यांच्या लक्षात आले. या साध्या निरीक्षणातून छाती न उघडता हृदयावर दाब देण्याची रीत निघाली आणि जुलै १९६० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तोवर अशा प्रसंगी शल्यवैद्याला छाती उघडून हृदय हातात धरावे लागे. आता त्यासाठी शस्त्रही नको होते आणि शल्यगृहही नको होते. कोणाही शिकलेल्या माणसाचे दोन हात पुरे होते. श्वास देणे आणि छाती दाबणे या दोन कृतींच्या संयोगास हृदय-फुप्फुस संजीवन म्हणावे. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते सर्वत्र ‘सीपीआर’ या नावाने ओळखले जाते.

त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी बनविणारे कारखानदार आस्मुंड लेर्डाल यांनी या कृतीच्या सरावासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. तिची छाती दाबली असता खाली जाते व तोंडातून हवा भरली असता वर उचलली जाते. जिवंत, निरोगी माणसाच्या छातीवर असा सराव करणे घातक असल्यामुळे, ही बाहुली नसती तर या विद्येचा प्रसार सामान्य जनांत होऊ शकला नसता.

कृतीचे स्वरूप

मनुष्य हाकेला व स्पर्शाला प्रतिसाद देत नाही आणि त्याचा श्वास नेहमीप्रमाणे चालत नाही, एवढे दिसले की कृतीला आरंभ करावयाचा असतो. मधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वसन नव्हे. त्यांना श्वास समजून थांबणे ही नेहमी होणारी चूक आहे. प्रथम मदतीसाठी दूरध्वनी करावा किंवा दुसऱ्यास करावयास सांगावा. नंतर रोग्याला टणक पृष्ठभागावर उताणे निजवून, छातीच्या मध्यभागी एका तळहाताची टाच व तिच्यावर दुसरा हात ठेवून, कोपरे ताठ धरून दाब द्यावा. प्रौढाची छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, ६ सेंटिमीटरहून अधिक नको. आणि दाबांची गती मिनिटास १०० ते १२० असली पाहिजे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत् वर येऊ द्यावी, कारण त्याच वेळी हृदयात पुन्हा रक्त भरते. ३० दाबांनंतर २ श्वास, हा क्रम चालू ठेवावा. विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र उपलब्ध झाल्यास ते बोलून सूचना देते, त्याप्रमाणे वागावे.

हे श्रमाचे काम आहे. दोन मिनिटांतच दाबांची खोली कमी होऊ लागते आणि दाबणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. म्हणून दुसरा मनुष्य असल्यास दर दोन मिनिटांनी पाळी बदलावी. उत्तम रीतीने दिलेल्या दाबांनीही स्वाभाविक रक्तप्रवाहाच्या सुमारे पाव ते एकतृतीयांश इतकाच प्रवाह चालू राहतो. तेवढा प्रवाहही मेंदू जगवितो. परंतु दाब उथळ किंवा संथ झाले की तोही नाहीसा होतो.

कौशल्य का ओसरते?

वरील परिच्छेद वाचून ही कृती समजते, पण येत नाही. पोहण्यावरील पुस्तक वाचून कोणी पोहू शकत नाही, तसेच हे आहे. ५ सेंटिमीटर म्हणजे किती, हे तळहातांना कळावे लागते. पोहणारा मनुष्य वर्षानुवर्षे पोहत राहतो, म्हणून त्याची कला टिकते. छातीवर दाब देण्याचा प्रसंग मात्र एखाद्या परिचराच्या आयुष्यात एकदाही येणार नाही. जे कधीच वापरले जात नाही ते हात विसरतात. प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच दाबांची खोली व गती बिघडू लागते, असे अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसून आले आहे. शब्द त्यामानाने अधिक काळ लक्षात राहतात. म्हणून लेखी प्रश्नांची बिनचूक उत्तरे देणारा मनुष्य बाहुलीसमोर बसला की चुकतो.

प्रमाणपत्राला मुदत असते ती या कारणाने. अमेरिकेत हृदयविकारविषयक संघटनेची व रेड क्रॉसची अशी प्रमाणपत्रे दोन वर्षे ग्राह्य धरली जातात. ऑस्ट्रेलियात संजीवनाचे कौशल्य दरवर्षी व संपूर्ण प्रथमोपचाराचे शिक्षण दर तीन वर्षांनी ताजे करावे, असा दंडक आहे.

ऑस्ट्रेलियातील व्यवस्था

अपंगसेवेच्या संदर्भात ऑस्ट्रेलियाचे उदाहरण विशेष पाहण्याजोगे आहे. तेथे २०१३ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना स्थापन झाली. तिच्यामुळे अपंग व्यक्तीस आपल्या गरजेप्रमाणे परिचर निवडता येतात व त्याचा खर्च योजनेतून मिळतो. सेवांच्या दर्जावर देखरेख ठेवण्यासाठी २०१८ मध्ये स्वतंत्र आयोगाचे काम सुरू झाले. नोंदणीकृत संस्थांतील ज्या सेवकांचा अपंग व्यक्तींशी नित्य संबंध येतो त्यांची पूर्वचारित्र्य-तपासणी या व्यवस्थेत सक्तीची आहे.

प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र मात्र योजनेने प्रत्येक परिचरावर सरसकट लादलेले नाही. ते दुसऱ्या वाटेने येते. तेथील बहुतेक राज्यांत लागू असलेल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांप्रमाणे, कामाच्या ठिकाणी पुरेशा संख्येने प्रथमोपचार शिकलेले लोक असतील अशी व्यवस्था करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कारखान्यात ‘पुरेशी संख्या’ म्हणजे किती, यावर विचार करता येतो. परंतु परिचर एकटाच एखाद्याच्या घरी रात्रपाळीला असतो तेव्हा ही संख्या एकच असू शकते, आणि तो एक म्हणजे तो स्वतः. म्हणूनच सेवा पुरविणाऱ्या संस्था नोकरी देण्यापूर्वी प्रमाणपत्र पाहतात.

ते मिळविण्यासाठी काय करावे लागते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. उमेदवाराला जमिनीवर ठेवलेल्या प्रौढाकृती बाहुलीवर, एकट्याने, न थांबता किमान दोन मिनिटे संजीवनाची कृती करून दाखवावी लागते. अर्भकाकृती बाहुलीवरही तितकीच. पाठांतराचा भाग घरबसल्या पुरा करता येतो, ही दोन मिनिटे येत नाहीत. खाटेवरचा रोगी मऊ गादीत दबतो व दाब वाया जातो. म्हणून जमीन हवी. गुडघे टेकून खाली बसण्याची शारीरिक क्षमताही या परीक्षेत आपोआप तपासली जाते.

सामान्य शिक्षण कोठे अपुरे पडते?

येथवर जे सांगितले ते कोणाही प्रथमोपचारकास लागू आहे. अपंगसेवेतील परिचराला याहून थोडे अधिक जाणावे लागते, आणि प्रमाणपत्राची मर्यादा येथेच दिसते. ऑस्ट्रेलियात २०१९ साली अपंग व्यक्तींच्या मृत्यूंविषयी एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात श्वसनाचे विकार, अन्न श्वासमार्गात जाऊन होणारा न्यूमोनिया, घास अडकणे आणि अपस्मार ही कारणे ठळकपणे पुढे आली. हृदयाचा मूळचा दोष नसताना, श्वास कोंडल्यामुळे हृदय थांबण्याचे प्रसंग या क्षेत्रात महत्त्वाचे असतात.

सेरेब्रल पाल्सीसारख्या विकारांत गिळण्याच्या स्नायूंवर ताबा कमी असतो. अशा व्यक्तीच्या अन्नाचा मऊपणा, घासाचा आकार, बसण्याची ढब हे सारे आधी ठरविलेले असावे लागते. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०२१ पासून भोजनाच्या व्यवस्थेसंबंधी स्वतंत्र मानके लागू झाली, ती यासाठीच. घास अडकलाच आणि खोकल्याने तो निघत नसेल, तर तेथील पद्धतीप्रमाणे दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताने ५ जोरकस थापा व नंतर छातीवर ५ झटके देतात. काही देशांत छातीऐवजी पोटावर झटके देतात. चाकांच्या खुर्चीची उंच पाठ व छातीवरचा पट्टा या दोन्ही कृतींच्या आड येतो. म्हणून चाके अडकवून, पट्टा सैल करून, व्यक्तीस पुढे कसे झुकवावयाचे, याचा सराव त्याच खुर्चीवर आधी झालेला असावा.

अपस्माराचा झटका आला असता तोंडात चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे, कांदा किंवा जोडा हुंगविणे हे सारे व्यर्थ असून काही वेळा घातकही असते. आसपासच्या कठीण वस्तू दूर कराव्या, डोक्याखाली मऊ आधार द्यावा, घड्याळाकडे पाहावे आणि झटका ओसरल्यावर व्यक्तीस कुशीवर वळवावे. झटका पाच मिनिटांहून अधिक काळ चालला तर तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी. काही व्यक्तींसाठी वैद्याने गालाच्या आत किंवा नाकात द्यावयाचे औषध लिहून दिलेले असते. ते केव्हा व किती द्यावयाचे, हे त्या व्यक्तीसाठी आखलेल्या लेखी योजनेतूनच कळते.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मज्जारज्जूच्या इजेचे आहे. ही इजा छातीच्या भागातील सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर झालेली असल्यास, मूत्राशय तुंबण्यासारख्या क्षुल्लक कारणानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीला जाऊ शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम सुटतो. घाबऱ्या झालेल्या मनुष्यास आडवे करावे, ही सर्वसाधारण सवय आहे. येथे ती अपायकारक ठरते, कारण निजविल्याने डोक्याकडील रक्तदाब अधिकच वाढतो. अशा व्यक्तीस बसते करावे, कपडे सैल करावे, लघवीची नळी कोठे मुडपली आहे काय ते पाहावे आणि वैद्यकीय मदत मागवावी.

ज्यांच्या मानेत श्वासासाठी छिद्र केलेले असते त्यांच्या बाबतीत श्वास तेथूनच द्यावा लागतो. पाठीचा कणा वाकलेला असेल तर अंग सपाट करण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये. उशीची घडी आधाराला देऊन दाब सुरू करावे. ही माहिती प्रत्येक व्यक्तीगणिक बदलते. तात्पर्य, प्रमाणपत्र हे सर्वसामान्य शरीराविषयीचे असते. परिचराला मात्र एका विशिष्ट शरीराची ओळख करून घ्यावी लागते.

भारतातील विचार

भारतात प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची कल्पना नवी नाही. सेंट जॉन अँब्युलन्स व रेड क्रॉस या संस्था हे शिक्षण दीर्घकाळ देत आल्या आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार-पेटी आणि ती प्रमाणपत्रधारक व्यक्तीच्या ताब्यात असावी, अशी तरतूद केली होती. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी सोपी पद्धत मांडण्यात आली; तीत श्वास न देता केवळ छातीवर दाब द्यावयाचे असतात. रस्त्यात कोसळलेल्या प्रौढ मनुष्यासाठी अनभ्यस्त नागरिकाला ही पद्धत सोयीची आहे. परंतु घास अडकून किंवा श्वास कोंडून हृदय थांबले असेल तेव्हा रक्तातील प्राणवायू आधीच संपलेला असतो. नुसते रक्त फिरवून भागत नाही. अपंगसेवेत असे प्रसंग संभवत असल्यामुळे, परिचराने श्वास देण्याची कृतीही शिकून घेणे इष्ट होय.

अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या अधिनियमात २१ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश आहे. त्यात काळजीवाहकाची जी व्याख्या केली आहे ती मननीय आहे. मोबदला घेऊन वा न घेता अपंग व्यक्तीची काळजी घेणारी, तिला आधार वा साहाय्य देणारी कोणतीही व्यक्ती काळजीवाहक समजावी, आणि त्यात आईवडील व कुटुंबातील इतर माणसेही येतात, असे तेथे म्हटले आहे. आईला तिचे प्रमाणपत्र कोणता मालक विचारणार? आजीकडे, थोरल्या भावाकडे त्याची मुदत कोण तपासणार? पगारी परिचरासाठी केलेला नियम घराच्या उंबऱ्याशी थांबतो. चार मिनिटांचे बंधन मात्र उंबऱ्याच्या आतही तेच असते. यावरून असे दिसून येईल की, हे शिक्षण संस्थांपुरते न ठेवता शाळा, ग्रंथालये, वसतिगृहे व पालकांच्या मेळाव्यांपर्यंत नेणे अगत्याचे आहे. बाहुली एकच असली तरी तिच्यावर एका दिवसात कितीतरी लोकांचा सराव होतो.

प्रमाणपत्र कसे पाहावे?

एखाद्या संस्थेत आपले माणूस ठेवताना किंवा घरी परिचर नेमताना प्रमाणपत्र आहे काय, एवढे विचारून थांबू नये. ते कोणत्या तारखेचे आहे? त्यासाठी बाहुलीवर प्रत्यक्ष कृती करून दाखविली होती काय? या व्यक्तीची लेखी योजना परिचराने वाचली आहे काय, आणि तिच्या खुर्चीवर, तिच्या खाटेजवळ सराव केला आहे काय? रात्री मदत लागली तर ११२ या क्रमांकावर घराचा पत्ता नीट सांगता येईल काय? हे प्रश्न विचारण्यात परिचराचा अविश्वास नाही. उलट ज्याच्या हाती एवढी जबाबदारी सोपविली, त्याला ती पेलण्याचे साधन मिळाले आहे की नाही, याची ती विचारपूस आहे. सरावासाठी लागणारा वेळ व शुल्क यांचा भार अल्प वेतनावर काम करणाऱ्या परिचराने एकट्याने का सोसावा, हाही प्रश्न संस्थांनी स्वतःला विचारला पाहिजे.

अपंग व्यक्तीचे आयुष्य इतरांच्या आयुष्याइतकेच मोलाचे आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. त्या तत्त्वाची कसोटी सभागृहात लागत नाही. जेवणाच्या ताटाजवळ, स्नानगृहात, मध्यरात्री खाटेपाशी, जवळचा मनुष्य गुडघे टेकून योग्य जागी हात ठेवतो की नाही, यावर ती लागते. दरवर्षी बाहुलीवर घालविलेली दोन मिनिटे त्या वेळेसाठी असतात.